पहिलं क्लॅरिनेट कोण निवडतं?

ऑनलाइन दुकानात ‘क्लॅरिनेट’ टाइप केलं की काळ्या नळ्यांची रांग समोर येते. ‘बी फ्लॅट, १७ की, बोहम सिस्टीम, एबीएस बॉडी.’ किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत. स्पेसिफिकेशन्स वाचून फोन घ्यायची आपल्याला सवय आहे, त्यामुळे इथेही आपण आकडे जुळवायला बसतो. पण या यादीतला एकेक शब्द म्हणजे एकेका जुन्या भांडणाचा निकाल आहे. ती भांडणं माहीत नसतील तर आपलं पहिलं वाद्य आपण निवडत नाही, दुसऱ्यांनी कधीच निवडलेलं आपण फक्त कार्टमध्ये टाकतो.

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या न्युरेम्बर्ग शहरात, इ.स. १७००च्या आसपास. योहान ख्रिस्टोफ डेनर हा तिथला वाद्यं बनवणारा कारागीर. तेव्हा शालुमो नावाचं एक साधं, एकाच पातीचं फुंकवाद्य होतं. आवाज गोड, पण आवाका तोकडा. त्यात सुधारणा करून क्लॅरिनेट घडवण्याचं श्रेय डेनरला दिलं जातं. या सुधारणेचा जीव होता अंगठ्याजवळच्या एका छोट्या चावीत. ती उघडली की तोच श्वास, तीच बोटं, पण सूर एकदम वर उडी मारतो.

किती वर? इथेच सगळी गंमत आहे. बासरीवर जोरात फुंकलं की सा चा वरचा सा होतो. क्लॅरिनेटची नळी सरळ आहे आणि तोंडाकडून ती ध्वनीच्या दृष्टीने बंद असते, त्यामुळे सा ची उडी थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर पडते. म्हणजे बोटांची मांडणी पुन्हा वापरण्याआधी १९ वेगवेगळे सूर काढावे लागतात. उजवा अंगठा वाद्य पेलण्यात गुंतलेला, कामाला उरली नऊ बोटं. नऊ बोटांत १९ सूर बसवायचे कसे? पुढची दीडशे वर्षं क्लॅरिनेटचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाशी झालेली झटापट आहे. आणि नवशिक्याला आजही जिथे रडू येतं ती जागा हीच: खालच्या पट्टीतून वर जाताना जवळपास सगळी बोटं उचललेली असतात आणि पुढच्या सुराला सगळी एकदम टेकवावी लागतात. चूक तुमची नसते, भौतिकशास्त्राची असते.

१७९१मध्ये मोझार्टने आपला क्लॅरिनेट कॉन्चेर्टो लिहिला तोपर्यंत वाद्याला मान मिळाला होता, पण चाव्या मोजक्याच होत्या. वेगळ्या स्वरपट्टीसाठी वेगळं क्लॅरिनेट घ्यावं लागे. इव्हान म्यूलर या वादकाने १३ चाव्यांचं क्लॅरिनेट तयार केलं आणि १८१२मध्ये ते पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या समितीपुढे ठेवलं. दावा असा, की हे एकच वाद्य सगळ्या पट्ट्यांत चालेल. समितीने ते नाकारलं. कारण वाचण्यासारखं आहे: प्रत्येक आकाराच्या क्लॅरिनेटचा स्वतःचा स्वभाव असतो, एकच वाद्य ठेवलं तर संगीतकाराच्या हातातले रंग कमी होतील. समिती जुनाट होती असं म्हणणं सोपं आहे, पण आजही ऑर्केस्ट्रातला वादक बी फ्लॅट आणि ए अशी दोन क्लॅरिनेटं घेऊन बसतो. नवशिक्याला मात्र बी फ्लॅटच सांगतात, कारण बँड, जॅझ आणि शिकण्याची बहुतेक पुस्तकं त्याच्यासाठी आहेत.

समितीने नाकारलं तरी म्यूलरचं वाद्य चाललं. त्यातूनच पुढे ब्रसेल्सच्या यूजीन आल्बेरची ‘आल्बर्ट’ पद्धत आणि बर्लिनच्या ऑस्कर ओलरची जर्मन पद्धत निघाली. दुसरीकडे पॅरिसमध्ये क्लोझे हा वादक आणि ब्युफे हा कारागीर यांनी थिओबाल्ड बोहमच्या बासरीवरची फिरत्या कड्यांची युक्ती उचलली आणि १८३९च्या प्रदर्शनात नवं क्लॅरिनेट मांडलं. १७ चाव्या, सहा कडी. ‘बोहम सिस्टीम’ म्हणतात ती हीच, जरी खुद्द बोहमने हे क्लॅरिनेट केलेलं नसलं. क्लोझे पॅरिसच्या त्याच विद्यालयात प्राध्यापक होता आणि त्याने शिकवण्याचं पुस्तकही लिहिलं. वाद्य, शिक्षक आणि पुस्तक एकाच बाजूला आले की पद्धत जिंकते. तरीही जर्मनांनी आपली पद्धत सोडली नाही. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये आजही जर्मन पद्धतीची क्लॅरिनेटं वाजतात. न्यू ऑर्लिन्सच्या जॉनी डॉड्स आणि जिमी नून यांनी आल्बर्ट पद्धतीवर जॅझ घडवला. ‘चांगली पद्धत एकच’ हा दावा इतिहासात टिकत नाही.

आपल्याकडे क्लॅरिनेट आलं ते बँडबरोबर. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. पुढे त्याच मुलखात क्लॅरिनेट नृत्याच्या साथीला बसलं. त्याचं श्रेय महादेव नट्टुवनार यांना दिलं जातं. विसाव्या शतकात ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर पूर्ण कर्नाटक मैफल उभी केली, आणि २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उत्तरेत आणि महाराष्ट्रात ते वरातीच्या बँडमध्ये ‘क्लॅरोनेट’ होऊन राहिलं.

इथे पद्धतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मींड किंवा गमक काढायची तर बोट भोकावरून हळूहळू सरकवावं लागतं. बोहमवर बोट उचलताच कडी वर येते आणि तिच्याबरोबर दुसरंच भोक उघडतं. जुन्या, कमी कड्यांच्या वाद्यावर बोटाला मोकळीक जास्त. म्हणून बँडमधल्या उस्तादाचं क्लॅरिनेट ‘आउटडेटेड’ नसतं. ते वेगळ्या कामासाठी योग्य असतं.

जुन्या बाजारातल्या क्लॅरिनेटांत आणखी एक सापळा असतो. ब्रिटिश लष्करी बँड १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत उंच सुरात वाजत. त्यांचा ए सुमारे ४५२ हर्ट्झचा. आज तो ४४० धरतात, तसं १९३९मध्ये ठरलं. फरक जवळजवळ पाव स्वराचा. अशा वाद्याचे सांधे ओढून सूर उतरवायला गेलं तर काही सूर उतरतात, काही हटून बसतात. अंगावर ‘एचपी’ असा शिक्का दिसला तर ते शोकेससाठी घ्या, शिकण्यासाठी नको.

राहिलं लाकूड. उत्तम क्लॅरिनेट टांझानिया–मोझांबिककडच्या काळ्या लाकडाचं. हे झाड आपल्या शिसवाचं भाऊबंद, दोघंही डालबर्जिया कुळातली. ते कापण्याजोगं व्हायला कित्येक दशकं लागतात. २०१७मध्ये या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९मध्ये सूट मिळाली. शिवाय नवं लाकूड आतून श्वासाने ओलं आणि बाहेरून कोरडं राहिलं तर तडकतं. मुंबईचा पावसाळा, नागपूरचा मे महिना आणि ऑफिसचा एसी यांत नवशिक्याने ते सांभाळत बसण्यात अर्थ नाही. सूर घडतो मुख्यतः आतल्या हवेच्या स्तंभातून. चांगल्या कंपनीचं प्लास्टिक पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी कमी प्रतीचं अजिबात नाही. वाचलेले पैसे चांगल्या माउथपीसवर घाला. पात दोन किंवा अडीच नंबरची घ्या. चाव्यांखालच्या गाद्या नीट बसतात का, हे वाजवणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

पण हे सगळं नंतर. आधी ठरवायचं ते हे, की कोणासमोर बसून शिकायचं. पुस्तक आणि नोटेशन घेऊन वेस्टर्न शिकवणारे सर असतील तर बोहम. रागसंगीत शिकवणारे किंवा बँडमधले उस्ताद असतील तर त्यांच्या हातात जे आहे, तेच. म्यूलर, क्लोझे, ओलर यांपैकी कोणीही जिंकलं असो, पहिल्या वर्षी आपली बोटं जिथे अडतील तिथे हात धरून बोट सरकवणारं कोणीतरी लागतं. त्या माणसाच्या आणि आपल्या वाद्याची भोकं एकाच जागी असलेली बरी.