मोटारीचा सांधा

बैलगाडी आणि मोटार यांत फरक कोणता, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो म्हणेल, एकीला बैल, दुसरीला इंजिन. उत्तर खरे, पण अपुरे. वाचकहो, बैल गाडी ओढतात आणि चाक आपले मागून फिरत येते. मोटारीत चाकालाच फिरवावे लागते. जुन्या धाटणीच्या मोटारीत इंजिन पुढे आणि फिरवायची चाके मागे. मधे एक लांब पोकळ दांडा, तो प्रोपेलर शाफ्ट. इंजिन चौकटीला बांधलेले, तर मागचा आस पाट्यांवर खालीवर होणारा. दांडा सरळ जखडून टाकला तर खड्ड्याखड्ड्याला पिळवटून मोडेल. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. गॅरेजात त्याला ‘क्रॉस’ म्हणतात.

हा सांधा मोटारीहून पुष्कळ जुना आहे. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्डानो याचे नाव त्याला अजून चिकटलेले आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७६ साली त्याचे वर्णन केले, तेही सूर्य पाहण्याच्या उपकरणांवरील पुस्तकात! पुढे १९०३ साली अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर याने मोटारीसाठी अशा सांध्याचे पेटंट घेतले. तोवर कितीतरी मोटारींची चाके सायकलीसारखी साखळीने फिरत, आणि धूळ-चिखलात ती साखळी लवकर झिजे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी संस्थानात मोटार वाहतूक सुरू केली. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानातच होते. लातूरही त्याच संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. रेल्वेला गुळगुळीत रूळ मिळाले. मोटारीच्या वाट्याला काळ्या मातीची वाट आली. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. स्वातंत्र्यानंतर जीप आली, मग अँबेसेडर आली, ती २०१४ पर्यंत तयार होत होती. वरचा साज बदलला, पण पोटाखाली तोच क्रॉस राहिला.

या क्रॉसला चार भुजा. प्रत्येक भुजेवर एक कप, कपात सुईएवढे बारीक रोलर आणि थोडे ग्रीस. ग्रीस सुकले की धूळ-पाणी आत शिरते, आणि सुया भुजेवर चऱ्या पाडतात. पण सांधा एकाएकी मोडत नाही, आधी सूचना देतो. सावकाश जाताना चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते. गिअर टाकून निघताना खालून ‘टक्’ होते. वेग वाढला की गाडी थरथरते. कपाभोवती लाल गंजाची पूड दिसली, तर आतले ग्रीस संपले असे समजावे.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, चारी चाकांना दगड. मग गिअर न्यूट्रल करून एका हाताने दांडा व दुसऱ्या हाताने सांध्यापलीकडचा भाग धरून उलटसुलट पिळावे. क्रॉसमध्येच ढिलेपणा जाणवला तर तो बदलावा.

दगडांचा आग्रह उगाच नाही. दांडा उतरला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो, गिअर गाडीला धरत नाही. जुन्या विलीस जीपचा तर हातब्रेकही याच दांड्यावर पकड घेतो. खाली माणूस आणि वर मोकळी गाडी, एवढाच हिशेब उरतो!

दांडा काढण्यापूर्वी जोडावर रंगाची खूण करावी. एकटा क्रॉस तिरका फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद होतो. दुसरा तोच दोष भरून काढतो. मात्र दोघे एका रांगेत बसले पाहिजेत. खूण चुकली तर नवा क्रॉस घालूनही थरथर जात नाही. बसवताना एकही सुई आडवी पडू देऊ नये, लॉक खाचेत पुरते बसवावेत, आणि सांधा हाताने मोकळा फिरतो ना, ते पाहावे.

धावत्या गाडीत पुढचा सांधा तुटला तर दांड्याचे टोक पहारीसारखे रस्त्यात रुतू शकते. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या पुष्कळ मळणी यंत्रांनाही असेच सांधे असतात. सोयाबीनच्या सुगीत त्यांवरचे झाकण काढून ठेवू नका. धोतराचा सोगा किंवा पदर गुंतायला क्षणही पुरतो.

शिक्षकांनो, गावात जुनी जीप उभी असेल तर मुलांना हा सांधा लांबून दाखवा. हूकची विद्या आपल्या गावातल्या गाडीखाली फिरते आहे, हे त्यांना कळू द्या. आणि गाडीवाल्यांनो, पुढच्या वेळी चिवचिव ऐकू आली तर ग्रीसगन घ्या; दुसऱ्या दिवशीही ती थांबली नाही, तर पाना घ्या.