कौटिलीय अर्थशास्त्रांतील चारव्यवस्था व प्रजेचें खासगीपण

म्हैसूर येथें उपलब्ध झालेल्या ताडपत्री पोथीवरून पंडित शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून त्यांतील गूढपुरुषांची चर्चा बहुधा राजाच्या अंगानें होत आली आहे. ज्या प्रजेवर हे हेर नेमावयाचे तिच्या बाजूनें त्या प्रकरणांचा विचार करणें, हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

पहिल्या अधिकरणांत मंत्री, पुरोहित, सेनापति, युवराज इत्यादि अठरा तीर्थांवर चार नेमण्यास सांगितलें आहे. दुसऱ्या अधिकरणांतील नागरकाच्या प्रकरणांत हीच नजर घरोघर पोंचते. गोपानें आपल्याकडील कुटुंबांतील स्त्रीपुरुषांची जाति, गोत्र, नांव, उद्योग व जमाखर्च जाणावा. गृहस्थानें घरीं आलेला-गेलेला पाहुणा कळवावा. चोरून व्रणावर उपचार करविणाऱ्याची वर्दी वैद्यानें द्यावी, असा तेथें दंडक आहे.

ग्रंथकार हेराच्या शब्दावर सर्वस्वीं विसंबत नाहीं. एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघांची वार्ता जुळली तरच ती ग्राह्य. वारंवार विसंगत सांगणाऱ्यास गुप्तपणें दंड करावा. असंतुष्टांस सामदानानें वळवावें, असेंही तो सांगतो. परंतु ही सारी दक्षता राजाची फसवणूक होऊं नये एवढ्याकरितां आहे. ज्याच्याविषयीं वार्ता गेली त्यास ती कळावी, किंवा त्यानें तिचा जाब मागावा, अशी योजना या प्रकरणांत आढळत नाहीं.

ही उणीव भरून निघण्यास आपल्या काळींही अवधि लागला. १९६२ च्या खरक सिंह खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पोलिसांच्या रात्रीच्या घरझडत्या अवैध ठरविल्या, तरी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचें बहुमतानें मानलें नाहीं. १९९६ सालीं दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्यास कार्यपद्धतीचे निर्बंध लागू झाले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें पुट्टस्वामी खटल्यांत हा हक्क एकमतानें मान्य केला. आतां त्यास बाध आणणाऱ्या सरकारी कृतीस कायद्याचा आधार, योग्य प्रयोजन आणि प्रयोजनाशीं प्रमाण, हीं तिन्ही लागतात.

सारांश, अर्थशास्त्राचा दाखला देऊन पाळतीचें समर्थन करणाऱ्यांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. तीन हेरांच्या एकवाक्यतेनें वार्तेचा खरेपणा ठरतो. पाळत न्याय्य कीं अन्याय्य, हें तिनें ठरत नाहीं. कामंदकीय नीतिसार व शुक्रनीति यांच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांतील चारप्रकरणें याच दृष्टीनें तपासून पाहावीं, अशी विनंति आहे.