शालेय गणवेश

शालेय गणवेश : शाळेने ठरवून दिलेला, सर्व विद्यार्थ्यांना समान असलेला पोशाख. ‘गण’ म्हणजे समूह व त्याचा वेश तो गणवेश, अशी या शब्दाची फोड असली, तरी बोलण्यात ‘शाळेचा ड्रेस’ हाच प्रयोग अधिक रूढ आहे.

या पोशाखाचे मूळ बरेचसे लष्करी आहे. जपानमध्ये गाकुशुइन या सरदारपुत्रांच्या शाळेने 1879 मध्ये उभ्या कॉलरचा कोट स्वीकारला, तर 1920 च्या सुमारास मुलींच्या शाळांत खलाशांसारखी रुंद कॉलर आली. तेथे 1 जून व 1 ऑक्टोबर या सुमारास उन्हाळी आणि हिवाळी गणवेश बदलण्याचा प्रघात असून त्याला ‘कोरोमोगाए’ म्हणतात. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली खाकी अर्धी चड्डी हाही ब्रिटिश फौजेचाच वारसा होय.

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव या कोलाम-गोंड वस्तीच्या तालुक्यात, राज्यातील इतर ग्रामीण भागांप्रमाणेच, गणवेशाचा प्रश्न प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या शाळांशी निगडित आहे. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना वर्षाला दोन गणवेश, प्रत्येकी 300 रुपयांप्रमाणे, मोफत मिळत. म्हणजे समानतेसाठी असलेला हा वेश एकाच बाकावरील दोघांपैकी एकालाच मिळे. ही विसंगती 2023 मध्ये राज्याने उरलेल्या मुलांचाही समावेश करून दूर केली.

गावातल्या टेलरकडे गणवेश ‘वाढत्या अंगाचा’ शिवण्याची रीत आहे : खालची दुमड मुद्दाम रुंद ठेवतात आणि मूल वाढले की ती उसवून सोडतात, तेव्हा न विटलेल्या कापडाची गडद पट्टी उघडी पडते. 2024-25 मधील ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत या व्यवहाराला जागा नव्हती. कापड राज्य पातळीवर खरेदी झाले आणि कापून आलेले तुकडे शिवण्याचे काम महिला बचत गटांकडे गेले. आकाशी व गडद निळ्या रंगाचे हे कपडे राज्यभर उशिरा पोहोचले, अनेकांना मापाचे झाले नाहीत. गटांना काम देण्याचा हेतू रास्त होता. चूक मध्यवर्ती खरेदीत आणि ठोकळ मापांत होती. मारेगावसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यालाही कापड बाहेरूनच आले. जपानमधील कोजिमा या जुन्या कापूस-प्रदेशात मात्र शालेय गणवेशाचा उद्योगच उभा राहिला आहे.

डिसेंबर 2024 मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेशाचा रंग, कापड व शिलाई ठरवण्याचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला.