बैलाच्या कातड्याएवढे राज्य

ठाणे-कल्याण-डोंबिवलीकर जव्हारला जातात ते मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहायला. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणून या घराण्याचे मूळ मी १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात शोधले.

तिथे कोळी समाजात सांगितली जाणारी एक कथा नोंदलेली आहे. जव्हार आधी एका वारली नायकाकडे होते. थळ घाटाजवळच्या मुकणे गावचा पोपेरा, म्हणजेच जयबा, याने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने होकार देताच त्याने कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि त्यांनी मोठा मुलूख वेढला.

कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीबद्दलही हीच कथा सांगतात. तेव्हा हिला घडलेली गोष्ट मानता येत नाही. तरीही मला ती मोलाची वाटते, कारण जमीन मुळात दुसऱ्याची होती, अशी कबुली ती जिंकणाऱ्याच्याच तोंडून देते.

जयबाचा मुलगा नेमशाह याला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे १९६२ मध्ये भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले.

सहाशे वर्षांच्या या इतिहासात राजांची नावे आहेत, घाटाचे आणि गावाचेही आहे. ज्याची जमीन गेली, तो मात्र नुसताच ‘वारली नायक’. राजवाडा पाहून परतताना आपण वारली चित्र विकत घेतो, तेव्हा एवढे आठवावे.