ड्रेपर यांचें दप्तर

अ‍ॅलेघेनी पर्वतापलीकडील अमेरिकन वसाहतींच्या इतिहासास लायमन ड्रेपर (१८१५–१८९१) यांच्या दप्तरावांचून गत्यंतर नाहीं. विस्कॉन्सिनच्या इतिहाससंस्थेचे हे चिटणीस (१८५४–१८८६) घरोघर हिंडून पत्रें जमवीत, वृद्धांच्या जबान्या उतरून घेत. केंटकींतील आद्य वसाहतकार डॅनियल बून याचा पुत्र नेथन याची जबानी त्यांनीं १८५१ त अशीच घेतली. सामान्य वसाहतकऱ्यांचा संसार सरकारी कागदांत कोठून मिळणार? तो येथें आहे. मात्र या जबान्या बहुधा अर्धशतकानंतरच्या. बखर व समकालीन पत्र यांतील तारतम्य येथेंहि पाळावें. ड्रेपर यांचा मोठा इतिहासग्रंथ एकच, किंग्ज माउंटनच्या लढाईवरील (१८८१). आणखी एक कागद मिळूं दे म्हणतां म्हणतां बूनचें चरित्र अपुरें राहिलें. (आमच्यापैकीं कित्येकांस हें नवें नाहीं!) तें छापून निघालें १९९८ सालीं.