लग्नाची व्हीसीडी, लिनक्स आणि ‘काहून चालत नाही?’

वऱ्हाडातलं कुठलंही घर घ्या, अकोल्यातलं असो नाहीतर अमरावतीतलं. कपाटात कुणातरी काकाच्या नाहीतर आत्याच्या लग्नाची व्हीसीडी सापडतेच. वर स्केचपेनने ‘भाग १’, ‘भाग २’. त्या लग्नाचा हलता-बोलता पुरावा बहुतेक वेळा तेवढाच. ही सीडी हल्ली घरातल्या ‘कम्प्युटरवाल्या’ पोराकडे येते, आणि तो जर लिनक्सवाला असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: "काहून चालत नाही रे?"

मंडळी, उत्तर शोधायला गेलं की तांत्रिक गोष्टी थोड्या आणि इतिहास जास्त हाती लागतो.

आधी तांत्रिक. व्हीसीडीचं मानक १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी ठरवलं. चित्र एमपेग-१ पद्धतीचं, आपल्याकडच्या पाल हिशोबात ३५२ बाय २८८ पिक्सेल. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करायची सोय. व्हीसीडीवाल्यांनी विचार केला की, सिनेमात एखादा ठिपका चुकला तर काय बिघडतं? त्यांनी दुरुस्तीची सोय काढली आणि सेक्टरमागे २३२४ बाइट भरले. म्हणून ७४ मिनिटांच्या सीडीवर ७४ मिनिटांचं चित्रीकरण बसलं.

आता लिनक्सवर ती डॅट फाइल माउसने ओढून कॉपी करायला गेलात तर लिनक्स २०४८ च्याच हिशोबाने वाचतो, हिशोब जुळत नाही आणि ‘इनपुट/आउटपुट एरर’ येते. लोक म्हणतात, सीडी गेली. अनेकदा ती गेलेली नसते! फाइल न उघडता सरळ ट्रॅक वाचायचा. व्हीएलसी किंवा एमप्लेअरला ‘ही व्हीसीडी आहे’ असं सांगितलं की चालते. व्हीसीडी-इमेजर या पॅकेजमधल्या व्हीसीडी-एक्स-रिपने तोच ट्रॅक हार्डडिस्कवर उतरवता येतो. उतरवलेली एमपेग फाइल तशीच ठेवा, उगाच पुन्हा कन्व्हर्ट करून आणखी पुसट करू नका. आणि हे लवकर करा, कारण घरी बर्न केलेल्या सीडीतला रंगाचा थर काळानुसार उडतो.

व्हीसीडी चालते, कारण तिला कुलूप नव्हतं. बाकीच्यांचं तसं नाही.

सप्टेंबर २००२ मध्ये रेड हॅट लिनक्स ८.० आलं आणि त्यातून एमपीथ्री वाजवायची सोय काढलेली होती. प्रोग्रामरना ती लिहिता येत नव्हती असं नाही, एमपीथ्रीवर पेटंट होती आणि कंपनी अमेरिकेतली होती. त्या काळच्या डिव्हएक्स सिनेमांमध्ये आवाज बहुधा एमपीथ्रीच असायचा. म्हणजे चित्र दिसलं तरी आवाज गायब. उबुंटूतही कोडेक वेगळे घालावे लागत. एप्रिल २००७ च्या ७.०४ आवृत्तीपासून निदान ‘हा कोडेक नाही, शोधू का?’ असं तो स्वतः विचारू लागला.

आता हे अमरावतीत बसून बघा. लिनक्सची सीडी पीसीक्वेस्ट मासिकासोबत यायची, पुढे उबुंटूची शिपइटमधून २०११ पर्यंत घरपोच फुकट यायची. कारण उघड होतं: ७०० एमबी उतरवायला ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, सगळं सुरळीत असलं तरी, २८ तास लागतात. आणि लोडशेडिंगच्या त्या वर्षांत सलग २८ तास वीज कुठली राजेहो! सीडी फुकट मिळाली, पण नेमका कोडेक त्या सीडीवर नाही. तो नेटवरूनच घ्यायचा. १० एमबी म्हणजे कमीत कमी २४ मिनिटं, आणि फोनचं बिल वेगळं. अमेरिकेच्या कायद्याने घातलेलं कुंपण बॉस्टनमधल्या ब्रॉडबँडवाल्याला एका क्लिकचं होतं. वऱ्हाडातल्या पोराला तेच अख्ख्या संध्याकाळचं पडायचं.

बरं, आपला कायदा काय म्हणत होता? पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ कम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने हे कलम सैल करायचा प्रयत्न केला, पण २००५ च्या कायद्यात संसदेने तो बदल घेतला नाही. अर्थात यंत्रांची गोष्ट वेगळी. डीव्हीडी प्लेअरच्या पेटंटवर फिलिप्सने दिल्ली उच्च न्यायालयात लढून २०१८ साली निकाल आपल्या बाजूने लावून घेतलाच. एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम मात्र एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, पेटंटची मुदतच संपली.

डीव्हीडीला तर दोन कुलपं. एक प्रदेशाचं. सिनेमाच्या धंद्यात वऱ्हाड अजूनही ‘सीपी बेरार’ सर्किटमध्ये मोडतो, संघटनेचं कार्यालय भुसावळला. डीव्हीडीवाल्यांनी तसंच सगळं जग वाटून घेतलं आणि भारत गेला प्रदेश ५ मध्ये. दुसरं कुलूप सीएसएस नावाच्या सांकेतिकरणाचं, किल्ली फक्त ४० बिटांची. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या यॉन लेक योहान्सन या पोराचं नाव जोडलं गेलेला डीसीएसएस प्रोग्राम बाहेर आला. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो दोनदा निर्दोष ठरला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघणं हा गुन्हा कसा, हा साधा मुद्दा. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५ए कलम आलं, पण त्यात हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप तोडणं हा गुन्हा धरला आहे. एवढा फरक अमेरिकेच्या कायद्यात सहज सापडत नाही.

इथवर वाचून वाटेल की कुंपण नेहमी परदेशीच. तसं नाही. फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास भारतात व्हीएलसीची वेबसाइट उघडेनाशी झाली. फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला, २००१ पासून खुला असलेला हा प्लेअर, आणि तो का बंद हे जाहीरपणे कोणी सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये व्हिडिओलॅन आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. गंमत म्हणजे लिनक्सवाल्यांचं फारसं अडलं नाही. त्यांचं व्हीएलसी त्या वेबसाइटवरून येतच नव्हतं, डिस्ट्रोच्या मिररवरून येत होतं. वीस वर्षांपूर्वी ज्या व्यवस्थेत कोडेक मिळत नव्हता, तीच या वेळी कामी आली.

थोडक्यात काय, तर व्हिडिओ अडला की तीन प्रश्न विचारा. फाइलचा डबा कुठला? आतला कोडेक कुठला? आणि कुलूप कोणी लावलं? पहिल्या दोघांची उत्तरं टर्मिनलमध्ये एफएफप्रोब दोन सेकंदांत देतो. तिसऱ्याचं उत्तर मिळवायला २०२२ मध्ये वकिलाची नोटीस लागली.

असो. या रविवारी कपाट नक्की उघडा.