फ्रेमिंगहॅमचे डॉक्टर फुलर

अ‍ॅशलंडच्या लक्ष्मी मंदिराला जाताना आपण कितीदा तरी फ्रेमिंगहॅममधून जातो. तिथे फुलर मिडल स्कूल आहे. हे फुलर कोण, ते आम्हां बहुतेकांना इतकी वर्षे इथे राहूनही ठाऊक नव्हते. आपल्यासारखेच तेही बाहेरून आलेले!

सॉलोमन कार्टर फुलर यांचा जन्म १८७२ साली आफ्रिकेतल्या लायबेरियात झाला. आजोबा व्हर्जिनियात गुलाम होते. पैसे भरून स्वतःची व पत्नीची सुटका करून घेऊन ते तिकडे गेले. नातू मात्र १८८९ साली शिकायला अमेरिकेत आला, १८९७ साली बॉस्टन विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि वेस्टबरोच्या सरकारी मनोरुग्णालयात लागला. या देशातले ते पहिले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ मानले जातात.

१९०४ साली ते म्युनिकला गेले आणि प्रत्यक्ष अल्झायमर यांच्या हाताखाली शिकले. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवतात. इथे राहायला आलेले आईवडील गॅस बंद करायला विसरू लागले, तेव्हा ‘म्हातारचळ’ म्हणून हसणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या काळी डॉक्टरही म्हणत, मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्या, वयच ते! फुलर मृत रुग्णांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले आणि त्यांना हे कारण पटेना. १९१२ साली त्यांनी तोवर नोंदलेले अल्झायमरचे रुग्ण एकत्र मांडले, स्वतः तपासलेला एक त्यांत घातला आणि अल्झायमर यांची मूळ जर्मन नोंद इंग्रजीत आणली.

पगार मात्र गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी. फ्रेमिंगहॅममध्ये घर केले तर शेजाऱ्यांचा विरोध. विद्यापीठातला मज्जाशास्त्र विभाग सुमारे पाच वर्षे त्यांनीच चालवला, पण विभागप्रमुखाचे पद नाही. १९३३ साली त्या पदावर एका गोऱ्या सहायक प्राध्यापकाला बसवले, तेव्हा ते निवृत्त झाले. कातडीचा रंग आड आला नसता तर आपण आणखी पुढे गेलो असतो, असे ते म्हणत.

तरी दुसऱ्यांसाठी दार उघडायचे त्यांनी सोडले नाही. अलाबामात टस्कीगीला १९२३ साली कृष्णवर्णीय माजी सैनिकांचे रुग्णालय निघाले. तिथे कृष्णवर्णीय डॉक्टर नेमायला गोऱ्यांचा कडवा विरोध होता. त्या डॉक्टरांपैकी काहींना फुलर यांनी शिकवून तयार केले. उपदंश मेंदूपर्यंत पोचला की तो कसा ओळखायचा, हेही.

उतारवयात मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली, पण रुग्ण पाहणे थांबले नाही. १९५३ साली ते वारले. शाळेला नाव दोघांचे आहे. पत्नी मेटा नामांकित शिल्पकार होत्या. त्यांच्याविषयी पुढे कधीतरी सवडीने.